जांभळ्या जिभेचा मास्तर

गावातल्या नाटक मंडळाची पोरं परवा घरी आली. मंडळाचा अंक काढायचाय म्हणाली. त्यातल्या एकानं माझ्यापुढं कोरी वही ठेवली आणि म्हणाला, "तात्या, हरबा मास्तरांवर चार चांगले शब्द लिवून द्या. गावात नाटक आणलं त्यांनी. त्यांना बघितलेलं आता तुमीच एकटं राहिलाय."

एकटा नाही राहिलो. वहिनी आहेत. पण त्यांना विचारायला कुणी जाणार नाही, आणि गेलं तरी त्या सांगणार नाहीत.

मी मराठी चौथी शिकलोय. चांगले शब्द माझ्याकडं थोडे, आणि त्या माणसासाठी तर एकही नाही. हरबा मास्तर म्हटलं की माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तरी लिहायला बसलो, ते वेगळ्याच कारणानं.

गेल्या श्रावणात माझी बायको गेली. बावन्न वर्षं एका घरात काढली आम्ही. तिला ओसरीवर ठेवलं होतं, सुना रडत होत्या, लेकी यायच्या होत्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. रडायला म्हणून तोंड उघडलं आणि त्याच्याबरोबर माझा उजवा हात वर गेला. तळवा बाहेर, बोटं जरा वाकलेली, मनगट कपाळाला टेकलेलं. तो हात माझा नव्हता. तो हरबा मास्तरांनी मला पंचावन्न वर्षांमागं वेताची छडी मारून मारून शिकवलेला हात होता. पंचाहत्तरीचा म्हातारा मेलेल्या बायकोपुढं उभा राहून नाटकातल्या राणीसारखा हात वर धरतोय. मला माझीच किळस आली. आणि हात काही खाली येईना.

तेव्हा वहिनी उठल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लढाईत गेला तेव्हापासनं त्या आमच्यातच आहेत. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. गुडघे धरत धरत आल्या, माझं मनगट धरलं आणि हात खाली घेतला.

"असं नगं, भावजी," म्हणाल्या. "नुसतं गप बसा."

मी बसलो. त्या दिवसापासनं तो मास्तर डोक्यातनं जात नाही.

आमचं गाव रहिमतपूरपासनं दोन कोस. लढाईचा काळ होता. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, गावातली निम्मी तरणी पोरं पलटणीत. त्या साली संक्रांत झाल्यावर पंचांनी ठरवलं, यात्रेत तमाशा नको, गावच्या पोरांनी नाटक बसवायचं. सांगलीहून तालीम मास्तर आणला. बैलगाडीतनं उतरला तो एक पत्र्याची ट्रंक, एक हातभर आरसा आणि एक वेताची छडी घेऊन.

पन्नाशीचा असंल. तरणा असताना नाटक कंपनीत राणी व्हायचा म्हणे. मग आवाज फुटला, पोट सुटलं, आणि बोलपट आल्यावर कंपन्याच बसल्या. डोक्याला टक्कल, पण चालताना कंबर अजून राणीचीच. डाव्या हाताच्या करंगळीचं नख एवढं वाढवलेलं, त्यानं तपकीर उचलायचा. शिंकला की जवळ असंल त्याच्या धोतराला बोटं पुसायचा. माझ्या धोतराला किती वेळा पुसली त्याची मोजदाद नाही.

पण खरी ओंगळ होती ती पेन्सिल. थुंकी लावली की शाईसारखी जांभळी उमटती ती. कानावर असायची. दर दोन शब्दांना ती जिभेवर घासायचा आणि एका काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. जीभ जांभळी, ओठ जांभळे, दातांच्या फटी जांभळ्या. गावानं त्याला रोज एका घरी जेवण लावलं होतं. तो कालवणात बोट बुडवून आधी चाखायचा, मग त्याच बोटानं मीठ मागायचा. माझी आई म्हणायची, "त्या जिभंकडं बघून वाढवत न्हाई गं बाई." तरी वाढायची. पाव्हणा होता.

दोन भाषा बोलायचा. पंचांपुढं, "आपण निश्चिंत असावं, कलेच्या बाबतीत मला खोटं खपत नाही." आणि आमच्यापुढं, "आरं गाढवाच्या, तुझा मुडदा बशिवला, राणी अशी खाजवती व्हय?"

खोटं खपत नाही हे दिवसातनं दहा वेळा म्हणायचा. त्याचा अर्थ मला पुढं कळला. त्याला स्वतःचं काही सुचत नव्हतं. दुसऱ्याचं उचलायचा, आणि ते खरं असल्याशिवाय उचलायचा नाही. सकाळी पाणवठ्यावर वडाखाली बसायचा. बायकांना वाटायचं मेला टक लावून बघतोय. तो बघायचा त्यांच्या टाचा. कुणाची टाच आधी टेकती, भरली घागर घेताना पदर कुठल्या हातानं आवरती, हे वहीत लिहायचा. एकदा पाटलाच्या सुनेच्या मागं मागं तिची चाल चालत आला. लोक हसले. पाटील छडी घेऊन उठला तर मास्तर म्हणाला, "पाटील, माझ्या राणीला पाय न्हाईत. तुमच्या घरचं उसनं घेतलं."

गावात म्हादू न्हावी होता. तोतरा. तालमीला रोज यायचा, कोपऱ्यात बसायचा, जीव रमायचा त्याचा. मास्तरांनी त्याचं तोतरं बोलणं जसंच्या तसं नाटकातल्या हुजऱ्याला दिलं. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. म्हादूही हसला, सगळ्यांच्या आधी हसला. दुसऱ्या दिवसापासनं तालमीला आला नाही. नंतर तो दाढी करताना पण बोलेनासा झाला. आधी हनुवटीला हात लावून गावभरच्या गोष्टी सांगायचा. मी मास्तरांना म्हटलं, म्हादू रुसला. मास्तर तपकीर ओढत म्हणाला, "त्याचं काय गेलं? त्याचं त्याच्याकडं हायच की."

ह्या माणसाच्या मागं मी का लागलो ते सांगायला पाहिजे. मी एकोणीस वर्षांचा. थोरला पलटणीत, धाकटा मी. माझ्या नशिबी मोट, ऊस आणि गुऱ्हाळ. ते मला नको होतं. पलटणही नको होती. गुळाच्या गाड्यांबरोबर एकदा सांगलीला गेलो होतो, तिथं नाटक बघितलं. पडदा वर गेला तेव्हा आतल्या उजेडाचा जो वारा तोंडावर आला तो विसरलो नव्हतो. त्या उजेडात जायचं होतं. बाकी काही नको होतं.

मास्तरांनी राणी निवडली ती अशी. आम्हा सात जणांच्या कमरेवर भरलेली घागर दिली आणि देवळाला फेरी मारायला लावली. ज्याचं पाणी सांडणार नाही ती राणी. माझं सांडलं नाही. मास्तर माझ्याभोवती फिरला, माझी हनुवटी नखानं वर केली आणि म्हणाला, "मिशी उद्या काढायची."

आमच्यात बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. घरातलं माणूस मेल्यावरच ओठावरनं वस्तरा फिरतो. मी तसं म्हटलं.

"मग बाप मरायची वाट बघतोस?" मास्तर म्हणाला. मग जवळ येऊन हळू बोलला, "हे बघ गड्या. शेवटच्या अंकात राणीचा नवरा लढाईत पडतो. राणी रडती. त्या रडण्यावर बायकांच्या बाजूला पदर डोळ्याला गेला, तर यात्रा झाल्यावर तुला सांगलीला कंपनीत घालतो. माझा शब्द. बघ, मिशी पायजे का कंपनी."

मी मिशी काढली. म्हादूनं काढली, एक शब्द न बोलता. घरी आलो. आबा, म्हणजे माझे वडील, दावणीला बैल बांधत होते. माझ्याकडं बघितलं, दोर खाली टाकला.

"मी जिता हाय अजून," म्हणाले. "नीट बघ. जिता हाय."

त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. नऊ दिवसांनी तार आली.

रहिमतपूरहून टपालाचा माणूस तार घेऊन आला तो सरळ देवळात, कारण वाचता येणारी माणसं सगळी तालमीला. तार इंग्रजीत. मास्तर इंग्रजी दुसरी शिकलेला. त्यानं कागद घेतला, मनात वाचला. कुणीतरी आबांना बोलवायला पळालं. आबा आले. मी लुगडं नेसून उभा होतो, मला तेव्हाच समजलं होतं. मास्तरांनी काय करावं? चिमूटभर तपकीर ओढली. दोन पावलं सरकून उजेडाकडं तोंड केलं. आणि मग कंपनीतल्या आवाजात, प्रत्येक शब्दानंतर थांबत थांबत, आबांना सांगितलं की त्यांचा थोरला मुलगा लढाईत कामास आला.

मी त्याला मारायला पाहिजे होतं ते तेव्हाच. मारलं नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. म्हादू आला. माझं डोकं भादरलं आणि ओठाशी येऊन थांबला. तिथं काढायला काही नव्हतंच. मोकळा वस्तरा त्यानं माझ्या ओठावरनं एकदा फिरवला, रीत म्हणून. आबा बघत होते. म्हणाले, "ज्या दिशी काढलीस त्याच दिशी गेलं पोर." आबांनी तसं मानलं, आईनं तसं मानलं, गावानं तसं मानलं. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो.

मास्तर भेटायला आला तो तार आल्याच्या दुसऱ्या दिवशी. सोप्यात घोंगड्यावर आम्ही माणसं बसलेली, आत बायका. वहिनी तेव्हा बावीस वर्षांच्या. त्या रडत होत्या. आमच्याकडं बाई रडती ती बोलत बोलत रडती, गेलेल्या माणसाशी बोलती, तुम्हाला ठाऊक आहे. कुणी शिकवत नाही, पण त्याला चाल असती. वहिनींचा आवाज भरदार होता. सगळे मान खाली घालून बसलेले. मास्तरांनी मान आतल्या दाराकडं वळवलेली. गुडघ्यावर त्याचं बोट हलत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन. वहिनी श्वास कुठं घेतात ते तो मोजत होता. मग पेन्सिल कानावरनं निघाली, जिभेवर गेली.

मला वाटलं माझा भास असंल. सुतकातल्या घरात बसून कोण लिहील?

पंधरा दिवसांनी तालमी परत सुरू झाल्या. मास्तर आबांकडं आला, हात जोडले आणि म्हणाला, "थोरला शूर होता. नाटक बी शूराचंच हाय. त्याच्या नावानं होऊ द्या." आबा म्हणाले, "करा काय करायचं ते. माझ्या म्होरं करू नका." मी घरात तोंड पाडून बसलेला, पण आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. ते झालं होतं, खोटं कशाला लिहू.

शेवटच्या अंकाची तालीम. मास्तरांनी काळी वही उघडली आणि राणीचं रडणं म्हणून दाखवलं. बसलेल्या आवाजात, पण श्वासासकट, हुंदक्यासकट.

"आवं, नवी तलवार खुंटीला टांगलीत तुमी, ती कुणी उतरवायची? माझा हात पोचत न्हाई, ती कुणी उतरवायची?"

हे वहिनींचं होतं. एक शब्द बदलला होता फक्त. वहिनी तलवार म्हणाल्या नव्हत्या. घरातली एक साधी वस्तू होती ती, भाऊ सुट्टीवर आलेला तेव्हा नवी केलेली आणि पुढच्या सुट्टीला वापरू म्हणून उंच टांगून गेलेला.

हे लिहायच्या आधी मी वहिनींना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "लिवा. पर तो शब्द लिवू नका. तेवढा माझा राहू द्या." म्हणून लिहीत नाही. तुम्ही तलवारच वाचा.

मी मास्तरांना म्हटलं, "हे वहिनीचं हाय."

"मग?"

"मग असं कसं घ्यायचं?"

"चोरी केली व्हय मी? घरात काय कमी झालं? तुझ्या वहिनीचं तिच्याकडं हायच की." मग त्यानं छडी माझ्या मनगटाला लावली आणि हात वर उचलला. "हात असा. तळवा भाईर. कंपनी पायजे न्हवं तुला?"

मी हात वर धरला. महिनाभर धरला. जरा खाली आला की छडी. मनगट सुजलं. आवाज बसला. रात्री वहिनी मला ताकभात वाढायच्या आणि विचारायच्या, "लय वरडाय लावतो का वो मास्तर?" मी म्हणायचो, "व्हय." काय ओरडायला लावतो ते सांगितलं नाही.

चैत्रात यात्रा झाली. देवळापुढं मांडव, तीन गॅसबत्त्या, आजूबाजूच्या गावची माणसं. आमचं घर देवळाला लागून, मध्ये एक भिंत. वहिनी सुतकाच्या वर्षात नाटकाला येणार नव्हत्या, पण त्या भिंतीपलीकडं होत्या.

शेवटचा अंक आला. माझ्या तोंडाला पांढरी सफेती, त्याचा वास मला अजून येतो. मी हात कपाळाला नेला आणि सुरू केलं. ती कुणी उतरवायची. बायकांच्या बाजूला पदर डोळ्याला गेले. म्हाताऱ्या फुंदायला लागल्या. ज्या बाया त्या दिवशी आमच्या घरात वहिनींना धरून बसल्या होत्या त्या पण रडल्या. त्यांना ठाऊक होतं हे कुणाचं आहे. तरी रडल्या.

आणि मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

पदाला वन्समोर मिळतो. रडण्याला मिळालेला मी तेव्हाच ऐकला. मांडवभर टाळ्या. मी विंगेकडं बघितलं. मास्तर दोन्ही हात हलवत होता, घे, घे, परत घे. त्याच्या जांभळ्या तोंडावर असा आनंद होता की सांगता येत नाही. नवरा मेलेली राणी उठली, दोन पावलं मागं गेली आणि नव्यानं रडायला लागली. तीनदा रडलो मी त्या रात्री. तिसऱ्या वेळी तर पहिल्यापेक्षा चांगला.

घरी आलो. वहिनी जाग्या होत्या. चूल पेटवून घंगाळात पाणी तापवलेलं. तोंडावरचा रंग काढायला तेलाची वाटी ठेवलेली.

"तोंड धुवा, भावजी," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढंच. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं गावात त्या बोलाचं काय झालं ते तुम्हा पोरांना ठाऊक नाही. सहा महिने तो गावभर झाला. गल्लीत पोरं मनगट कपाळाला लावून नाचायची. पाणवठ्यावर बाई दुसरीला म्हणायची, फडताळावरची बरणी ती कुणी उतरवायची, आणि दोघी हसायच्या. वाईट मनानं नव्हे. तोंडात बसलं होतं, एवढंच. वहिनी घागर घेऊन येताना दिसल्या की गप व्हायच्या. पण गप झालेलं पण ऐकू येतं माणसाला.

मी ते बघायला फार दिवस नव्हतोच. मास्तर शब्दाला जागला, एवढं खरं. यात्रेनंतर मला सांगलीला घेऊन गेला.

कंपनी म्हणजे पेठेमागं एक लांबट खोली, पडद्यांचे गुंडाळे, आणि मालक म्हणून एक जाडा माणूस. तो नुकताच जेवून उठला होता. पान जुळवत होता. मास्तर म्हणाला, "ह्याचं रडणं ऐका, मालक." मालक सुपारी कातरत म्हणाला, "हं. रड." मी रडलो. माझ्या भावाला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी भर दुपारी एका अनोळखी माणसाच्या पानापुढं वहिनीचं रडणं रडून दाखवलं. मालकानं पान तोंडात घातलं. "बरं हाय," म्हणाला. "ऱ्हाऊ दे ह्याला."

मला इतका आनंद झाला की मी मास्तरांच्या पाया पडलो. ते पाय मी शिवलोय.

दोन महिने मी मास्तरांच्याच खोलीत राहिलो. त्याची बायको होती. काडीसारखी, सारखी खोकायची. मूलबाळ नव्हतं. ती मला एकदा म्हणाली, "माझा खोकला बी घेतलाय बरं का ह्यांनी. सासूच्या पार्टाला घातलाय." आणि हसली, हसता हसता खोकली. मास्तर कोपऱ्यातनं मान वर करून बघत होता. पण हेही लिहितो, कारण बघितलं ते बघितलं. रोज सकाळी तो तिची वेणी घालायचा. राणीचा पार्ट केलेला माणूस, कुठल्या बाईला जमणार नाही अशी हलकी फणी फिरवायचा. एक केस ओढला जायचा नाही. त्या वेळी तो गप असायचा. आणि पेन्सिल कानावर नसायची.

पावसाळ्यात निरोप आला, आबा गेले. थोरला गेल्यापासनं ते धड जेवतच नव्हते. मी गाडीनं रहिमतपूरला उतरलो आणि चिखल तुडवत घरी आलो. बायका रडत होत्या. आई, आत्या, शेजारणी. वहिनी दाराशी बसल्या होत्या, तोंड मिटून. सासऱ्यांचा त्यांच्यावर लेकीसारखा जीव होता.

आत्या म्हणाली, "रड गं बाई. मोकळी हो. अशी दगडासारखी बसू नगं."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर कानाशी जरा सफेती राहिली होती, ती त्यांना दिसली असणार.

"भावजी आल्यात की," म्हणाल्या. "त्यांना रडू द्या. त्यांना चांगलं येतंय."

टोमणा नव्हता. पोतं उचलायला दांडगा माणूस आलाय, त्याला उचलू द्या, असं म्हणावं तसं म्हणाल्या. मग पदर तोंडात धरला आणि तसाच धरून ठेवला. त्यानंतर वहिनींना आवाज काढून रडताना मी पाहिलं नाही. आई गेली तेव्हा नाही. आमचं मधलं पोर गेलं तेव्हा नाही. आणि मीही नाही. बायको म्हणायची, "तुमी दगड हाय." दगड नव्हतो. भीती वाटायची. तोंड उघडलं तर तेच येईल म्हणून. शेवटी तिच्यासाठी तोंड उघडलं आणि हात वर गेला तो असा.

कंपनीत मी परत गेलो नाही. ऊस लावला, मोट मारली. पण कार्तिकात एक दिवस डोकं फिरलं आणि सांगलीला निघालो, मास्तराला बडवायला. दुसरं काही मनात नव्हतं. त्याच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नेलंय, लय दिवस झाले. मी टांगा केला आणि मिरजेला गेलो.

दवाखान्याच्या आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली आजाऱ्यांची माणसं तीन दगड मांडून भात शिजवत होती. मास्तर मुळीवर बसला होता. टोपी नव्हती. माझ्याकडं पाठ होती. मी बघितलं तर त्याचा हात वर जात होता, मनगट कपाळाला, तळवा बाहेर. मग खाली यायचा. परत वर. मला वाटलं, हा इथं पण तालीम करतोय. मी मुठी आवळून पुढं गेलो.

त्यानं मान वळवली. डोळ्यांतनं पाणी गळत होतं. तपकिरीनं नव्हे.

"आलास व्हय," म्हणाला. "सकाळी गेली रं ती. गाडी येऊस्तवर बस म्हणालेत."

मी दोन हातांवर येऊन थांबलो.

"रडाय बसलो," तो म्हणाला. "आन् तोंडात तुझ्या वहिनीचंच आलं. दुसरं येईना. नवी तलवार खुंटीला टांगलीत." थांबला. नाक पुसलं, ह्या वेळी स्वतःच्या धोतराला. "तिची कुठली रं तलवार? बसतच न्हाई. कवाधरनं बघतोय, बसत न्हाई. मूळचा शब्द निराळा होता. मी बदलला. वहीत बी खोडून काढलाय. तुझ्या ध्यानात असंल. सांग की."

त्यानं गुडघ्यावर काळी वही उघडली. पेन्सिल काढली आणि जिभेवर घासली.

बायको आत मेलेली, डोळ्यांतनं खरं पाणी येतंय, आणि हा माणूस लिहायला बसला. मी त्याला मारलं नाही. हात लावायचीच शिसारी आली. पण तेवढ्यानंच नव्हे. शब्द माझ्या तोंडात होता. एक साधा शब्द, कुणाच्याही घरात असणारी वस्तू. त्याच्या घरात पण असणार, तिच्या पण. तो मिळाला असता तर बहुतेक त्याला नीट रडता आलं असतं.

मी सांगितला नाही. वळलो आणि चालायला लागलो. अजून मला वाटत नाही की सांगायला पाहिजे होता. नाही वाटत, असं मी रोज म्हणतो.

फाटकाशी पोचल्यावर एकदा मागं बघितलं. तो तसाच मुळीवर बसला होता, वही गुडघ्यावर, पेन्सिल जिभेवर टेकवलेली. नट भर रंगात शब्द विसरला की तोंड तसंच उघडं ठेवून विंगेकडं बघतो, आतनं कुणीतरी सांगेल म्हणून. तसा तो माझ्याकडं बघत होता.